आईचा मणका दबलाय. ऑपरेशन केलं तर ती पुन्हा चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७८ वर्षांच्या आहेत. एसटीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या, गतिरोधकावर गाडी उडाली, त्या परत सीटवर आदळल्या आणि कमरेत जोराची कळ आली. याला आता १६ दिवस झाले. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका दबलेला दिसला, एमआरआयमध्ये तो ताजाच असल्याचं कळलं. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, अ‍ॅस्पिरिनची गोळी चालू आहे. एका डॉक्टरांनी सिमेंट भरू म्हटलं, दुसऱ्यांनी स्क्रू आणि रॉड टाकावे लागतील म्हटलं, तिसऱ्यांनी तीन महिने झोपवून ठेवा म्हटलं. तुम्ही विचारताय की या वयात अशा ऑपरेशनचा निकाल कसा लागतो आणि किती टक्के यश येतं.

मी २३ वर्षं मणक्यांच्या शस्त्रक्रिया करतोय. एसटीची मागची सीट, खड्ड्यात आदळलेली रिक्षा, धान्याचं पिंप सरकवणं आणि न्हाणीत पाय घसरणं, माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांचे मणके बहुतेक या चारांपैकीच एका कारणाने मोडलेले असतात. एवढ्याशा धक्क्याने मणका कसा मोडेल, असं घरच्यांना वाटतं. मोडतो, कारण हाड आतून विरळ झालेलं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, पण माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

टक्केवारीचा एकच आकडा मी देणार नाही, कारण तो खोटा ठरेल. 'ऑपरेशन' या एका शब्दाखाली तुम्हाला दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत. सिमेंट भरणं म्हणजे सुईचं काम, दबलेल्या मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट सोडतात. बहुतेक वेळा जागेवरची भूल आणि थोडं गुंगीचं औषध देऊन पाऊण-एक तासात होतं, आणि ते दुखणं कमी करण्यासाठी असतं. स्क्रू-रॉड म्हणजे पूर्ण भूल, दोन-तीन तास, रक्तस्राव, टाके. नस वाचवायची असेल किंवा कणा कोसळण्यापासून धरून ठेवायचा असेल तर ते करतात. तिघा डॉक्टरांनी बहुधा तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. म्हणून 'ऑपरेशन करावं का' याच्या आधी 'आईंचं नेमकं काय वाचवायचंय' हे ठरायला हवं.

सर्वांत आधी नस. हे तुम्ही आज घरीच पाहू शकता. पाय उशीवर ठेवून आईंना दोन्ही अंगठे स्वतःकडे ओढायला सांगा, मग तुमच्या तळहातावर पाऊल दाबायला सांगा. दोन्ही पायांची ताकद सारखी आहे का? बसण्याच्या जागेला, जांघेत बधिरपणा आहे का? लघवी तुंबतेय का, किंवा नकळत होतेय का? यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, आईंना त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पायातली ताकद जात असताना वाया घालवलेले दिवस नंतर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाहीत. तुमच्या लिहिण्यावरून पाय ठीक आहेत असं दिसतं, पण ते तपासून खात्री करून घ्या.

पाय शाबूत असतील आणि त्रास फक्त दुखण्याचा असेल, तर अशा बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. दबलेला मणका पुन्हा पूर्वीच्या उंचीचा होत नाही, पण दबलेल्या स्थितीतच तो भरून येतो आणि ६ ते १२ आठवड्यांत दुखणं बरंच ओसरतं. तिसऱ्या डॉक्टरांचं हेच म्हणणं असावं. पण 'तीन महिने झोपवून ठेवा' हा सल्ला तुम्ही ऐकलात तसाच असेल, तर तो पाळू नका. मोडलेल्या मणक्यापेक्षा त्यावर घेतलेल्या 'विश्रांती'ने दगावलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत. आठवडाभर पूर्ण झोपून राहिलं तरी म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या बारीक होतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. शिवाय झोपून राहिल्याने हाड आणखी झपाट्याने विरळ होतं. ज्यासाठी झोपवलं तेच बिघडतं.

मी काय करतो ते सांगतो. पहिले दोन-चार दिवस बहुतेक वेळ पडून, पण दर दोन तासांनी कूस बदलून. मग एका अंगावर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. सरळ पाठीवरून उठायचं नाही. बसताना आणि चालताना ब्रेस, म्हणजे कण्याला बाहेरून धरणारा आधार, झोपताना काढून ठेवायचा. नेहमीचा कमरेचा पट्टा इथे फारसा कामाचा नाही, कारण हा मणका पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावर आहे आणि पट्टा त्याच्या खाली राहतो. छातीपर्यंत आधार देणारा ब्रेस लागतो. तोही सहा ते बारा आठवडेच, कायमचा नाही. पॅरासिटामॉल दुखेल तेव्हा न देता घड्याळ लावून द्यावं. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला मेडिकलमधून आणलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या रोज देऊ नका, मूत्रपिंडावर परिणाम होतो. पोट साफ राहील हे पाहा. हे सांगायला साधं वाटतं, पण शौचाला जोर काढताना या रुग्णांना किती यातना होतात ते मी रोज ऐकतो. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आजच आणा.

आता सिमेंट. इथे थोडा वेळ घेतो, कारण याबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. १९८४ साली फ्रान्समध्ये मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी पहिल्यांदा असं सिमेंट भरलं गेलं. पुढे ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरसाठी ते जगभर रूढ झालं. रुग्ण टेबलावर कण्हत यायचा आणि संध्याकाळी चालत जायचा, मग शंका कोण घेणार? २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन चाचण्या छापून आल्या, एक ऑस्ट्रेलियातली ७८ रुग्णांची आणि दुसरी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेली १३१ रुग्णांची. निम्म्या रुग्णांना खरं सिमेंट भरलं आणि निम्म्यांवर नुसता देखावा केला. अमेरिकी चाचणीत तर सिमेंटचा वास खोलीत पसरावा म्हणून बाटलीही उघडली. दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले.

त्या वर्षी मी हादरलो होतो, हे मोकळेपणाने सांगतो. माझे इतके रुग्ण बरे झालेले मी पाहिले होते. मग ते बारकाईने वाचलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे मणका आपणहून बरा होतो, आणि आपण सिमेंट भरलं की त्याचं श्रेय आपल्याला मिळतं. दुसरी म्हणजे त्या चाचण्यांत फ्रॅक्चर होऊन कित्येक महिने लोटलेले रुग्णही होते. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सिडनीची चाचणी आली. तिच्यात फक्त सहा आठवड्यांच्या आतले आणि दहापैकी सात किंवा जास्त वेदना असलेले १२० रुग्ण घेतले होते. चौदाव्या दिवशी वेदना चारच्या खाली आलेले सिमेंटच्या गटात ४४ टक्के होते, देखाव्याच्या गटात २१ टक्के. आणि २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या १८० रुग्णांच्या चाचणीत पुन्हा फरक दिसला नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही. जो डॉक्टर 'शंभर टक्के फरक पडतो' म्हणतो आणि जो 'हे सगळं थोतांड आहे' म्हणतो, त्या दोघांनी निम्मंच वाचलंय.

या सगळ्यातून माझी पद्धत अशी ठरली आहे. दुखणं दोन-तीन आठवडे नीट उपचार करूनही इतकं असेल की माणूस कूस बदलू शकत नाही, संडासला उठू शकत नाही, एमआरआयमध्ये त्याच मणक्यात ताजी सूज दिसतेय आणि बोटाने दाबल्यावर नेमका तोच मणका दुखतोय, तर मी सिमेंट भरतो. अंथरुणावर जाणारा प्रत्येक दिवस जिथे महाग पडतोय, तिथे सुईचा धोका पत्करण्यासारखा असतो. दुखणं रोज थोडं उतरत असेल तर नाही भरत, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. दोन-तीन महिन्यांनंतरही मणका न जुळता आत पोकळी राहिली असेल आणि उठता-बसता कळ येत असेल, तर तो वेगळा प्रकार. तिथे सिमेंट चांगलं काम करतं असा माझा अनुभव आहे.

धोके आहेत. सिमेंट थोडं बाहेर झिरपणं नेहमीचं आहे आणि बहुधा निरुपद्रवी असतं. पण क्वचित ते नसेकडे जातं किंवा शिरेतून फुप्फुसात जातं, म्हणून हे काम चांगलं एक्स-रे मशीन असलेल्या ठिकाणी आणि हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. शेजारचा मणका दबण्याची भीतीही घातली जाते. सिमेंटमुळे तो दबतो की मुळात हाड ठिसूळ म्हणून, यावर एकमत नाही. मला दुसरं कारण मोठं वाटतं.

स्क्रू-रॉडचं बोलायचं तर पायातली ताकद जातेय, मणक्याचा मागचा भाग फुटून मज्जारज्जूवर आलाय, किंवा दर एक्स-रेला पोक वाढतंय, अशा वेळी ते करावंच लागतं. वय ८५ असलं तरी. कण्याचे सगळे मणके आधीच एकमेकांना चिकटलेले असतील, तर साधं दिसणारं फ्रॅक्चरही अतिशय घातक असतं आणि तिथेही मी थांबत नाही. यांपैकी काहीच नसताना निव्वळ एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसतोय म्हणून स्क्रू टाकायला मी तयार होणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ते का सुचवलं, हे त्यांना जरूर विचारा. एमआरआयमध्ये त्यांना असं काही दिसलं असेल जे तुम्ही इथे लिहिलेलं नाही.

ठिसूळ हाडात स्क्रू धरणं म्हणजे ओल लागलेल्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकण्यासारखं आहे. त्या दिवशी घट्ट बसतो आणि पुढे हळूहळू सैल होतो. म्हणून आम्ही जास्त मणके धरतो, छिद्रं असलेले स्क्रू वापरून त्यांच्यातून सिमेंट सोडतो. तरीही काही जणांत स्क्रू सैल होतात किंवा रॉडच्या वरचा मणका दबतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. मधुमेहामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून साखर आटोक्यात आणल्याशिवाय, तातडी नसेल तर, मी हात लावत नाही. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ मिळून ते ठरवतील.

आणि एक गोष्ट जी घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरीच म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखं वागतात. गेलेल्या माणसांना हाका मारतात, सलाईन उपसतात, मुलाला ओळखत नाहीत. आईला वेड लागलं म्हणून मुलं रडताना मी पाहिलीयत. बहुतेकांत हे काही दिवसांत उतरतं. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, दिवसा खिडकी उघडी ठेवणं, रात्री झोप होऊ देणं आणि ओळखीचं माणूस उशाशी असणं, यांनी ते बरंच टळतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, 'ती पुन्हा चालेल का'. दोन रुग्ण सांगतो, दोघींची आठवण मला नेहमी येते. एक आजी ८२ वर्षांच्या, पडायच्या आदल्या दिवसापर्यंत शेतावर डबा घेऊन जात होत्या. फ्रॅक्चरनंतर तिसऱ्या आठवड्यात पाय लुळे पडायला लागले. आम्ही चार मणके स्क्रूने धरले, नसेवरचा दाब काढला. त्यांना मूत्रसंसर्ग झाला, दोन रात्री त्या कुणालाच ओळखत नव्हत्या, तरी दीड महिन्याने वॉकर घेऊन स्वतः तपासणीला आल्या. दुसऱ्या आजी ७१ वर्षांच्याच. दुखणं थांबत नव्हतं, पोक वाढत होतं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, एक्स-रे मी विद्यार्थ्यांना दाखवावा असा आला. त्या पुन्हा कधीच उठून बसल्या नाहीत आणि सात महिन्यांनी गेल्या. नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं की गेलं वर्षभर त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या, जेवण अर्ध्यावर आलं होतं, संडासलाही धरून न्यावं लागत होतं. हे मी शस्त्रक्रियेआधी विचारलं नव्हतं. मी वय विचारलं होतं, साखर विचारली होती, हृदयाचा रिपोर्ट पाहिला होता. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: 'पडायच्या आधीच्या महिन्यात यांचा दिवस कसा जायचा?'

निकाल ठरवण्यात जन्मतारखेपेक्षा याचा वाटा मोठा आहे. आई बाजारात जात होत्या का, जिना चढत होत्या का, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठत होत्या का, सहा महिन्यांत वजन घटलंय का, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती आहे. नसेच्या बाबतीत तर पायात थोडी का होईना ताकद उरली असताना शस्त्रक्रिया झाली, की चालण्याची आशा बरीच राहते. पूर्ण लुळे पडल्यावर ती फार कमी होते.

एक तपासणी कुणी सुचवली का ते तुम्ही लिहिलं नाहीत. हे फ्रॅक्चर निव्वळ हाडाच्या ठिसूळपणाचंच आहे ना? आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग कमी नाही, आणि या वयात मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग किंवा दुसरीकडचा कर्करोग मणक्यात उतरलेला असू शकतो. रात्री झोपेतही वाढणारं दुखणं, बारीक ताप, घटतं वजन, यांनी माझे कान टवकारतात. ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग आहे का ते दाखवणाऱ्या), कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि मायलोमासाठी रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, या तपासण्या मी सगळ्यांच्या करतो. सिमेंट भरायचं ठरलंच तर त्याच सुईतून हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवायला सांगा.

आणि आता ते राहिलेलं निम्मं उत्तर. एक मणका दबलेल्या पाच बायकांपैकी साधारण एकीचा वर्षभरात आणखी एक मणका दबतो. तरीसुद्धा सिमेंट भरून, टाके काढून, कॅल्शियमची गोळी लिहून रुग्णाला घरी पाठवलं जातं, आणि दीड वर्षाने तीच आजी दुसरा मणका किंवा खुबा मोडून परत येते. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. नुसतं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं नाही, ते पाया म्हणून हवंच. वर हाडाचं खरं औषध लागतं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एक सलाईन किंवा अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी. गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, आणि हे पाठ मोडलेल्या माणसाला अनेकदा जमत नाही. दुसरा मार्ग टेरिपॅराटाइडचा. रोज पोटावर २० मायक्रोग्रॅमची सुई, सहसा दोन वर्षांपर्यंत. ते नवं हाड तयार करतं. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच मणके मोडलेल्या स्त्रियांत, दोन वर्षांत नवा मणका दबण्याचं प्रमाण टेरिपॅराटाइडवर ५.४ टक्के होतं आणि रायसेड्रोनेट या अॅलेंड्रोनेटच्याच जातीच्या गोळीवर १२ टक्के. महाग आहे, आणि ते संपल्यावर हाड टिकवणारं दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं. डेनोसुमॅबची सहामाही सुई सुरू केलीत तर ती चुकवायची नाही. मध्येच सोडली तर एकापाठोपाठ अनेक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. आईंना यातलं कुठलं द्यायचं ते त्यांच्या मूत्रपिंडावर, ड जीवनसत्त्वाच्या पातळीवर, दातांच्या अवस्थेवर आणि तुमच्या खर्चाच्या तयारीवर ठरेल. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, पण तिच्यासाठी उपचार अडवून ठेवू नका. एवढ्याशा धक्क्याने मणका मोडला, यातच निदान झालेलं आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी असतो तर काय केलं असतं? पाय ठीक आहेत आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जू मोकळा आहे असं धरून, स्क्रू नाही. ब्रेस, घड्याळ लावून औषध, आजपासून आधार देऊन उठवणं, रक्ताच्या तपासण्या, हाडाचं औषध. आठवडा-दहा दिवसांत आई आधाराने संडासपर्यंत जायला लागल्या तर तसंच पुढे नेलं असतं. तरीही त्या कूस बदलताना किंचाळत असतील तर सिमेंट, आणि ते सहा आठवडे उलटण्याच्या आत.

पुढच्या वेळी जाल तेव्हा ब्रेस घालून उभ्याने काढलेला एक्स-रे मागा आणि पहिल्या दिवसाच्या एक्स-रेशी तो ताडून बघायला सांगा. झोपून काढलेल्या चित्रात मणका सरळ दिसतो, उभं राहिल्यावर तो किती वाकतो ते खरं. तो फरक किती आला, पायांची ताकद कशी आहे आणि पडायच्या आधी आई दिवसभर काय काय करत होत्या, एवढं लिहून कळवलंत तर यापेक्षा नेमकं सांगता येईल.